दुसरा मान

हॉस्पिटलच्या नेटवर्क स्विचवर कोणाला आधी वाट द्यायची, हे तिथली नेटवर्क इंजिनिअर म्हणून तिनेच ठरवलं होतं. पहिला मान रुग्णांच्या मॉनिटरचा, दुसरा डॉक्टरांच्या फोनचा; नातेवाइकांच्या व्हिडिओ कॉलला तर दारच बंद. आज आता इलाज नाही म्हणून तिच्याच आबांच्या अंगावरच्या मॉनिटरच्या वायरी डॉक्टरांनी काढल्या, आणि धाकटा भाऊ तर सातासमुद्रापार. साहेबांना विचारून तिने नियमांत एक ओळ वाढवली: आबांच्या उशाशी ठेवलेल्या टॅबला दार उघडं, मान दुसरा. मग ती मांडीवर लॅपटॉप घेऊन खाटेशी बसली.

"आबा, ओळखलंत का? तुमचं शेंडेफळ!" भाऊ टॅबवर उगवला. आबांचे ओठ हलले. तो बोलत सुटला, लहानपणी खाल्लेल्या माराचंही गाणं करत. ती लॅपटॉपवरचे नेटवर्कचे आकडेच बघत राहिली.

"ताई, चित्र अडकलं गं. आबा हलतच नाहीत. तुझं नेटवर्क म्हणजे नुसती बैलगाडी!"

आकडे ठीक होते. वाट मोकळी होती, वाटेत माहितीचा एक कणही सांडला नव्हता. मग तिने आबांकडे पाहिलं.

"नाही रे," ती म्हणाली, "चित्र नाही अडकलं."