दारातला डबा

साडूंची आणि त्याची गाडी एकाच मॉडेलची, ऑटोमॅटिक. पण लोण्यासारखी चालायची ती साडूंचीच. बायकोनेही तसं बोलून दाखवलं, तेव्हा तर त्याच्या पोटात चांगलंच दुखलं. मग साडूंच्या घरून निघताना, बूट घालायच्या निमित्ताने वाकून त्याने दारातल्या गिअरबॉक्स ऑइलच्या डब्यावरचं नाव वाचून घेतलं.

दुसऱ्याच दिवशी तसलाच डबा त्याने गॅरेजवाल्यापुढे आपटला.

"साहेब, कंपनीचं सोडून हे?"

"माझे साडू काय वेडे आहेत? ओता!"

आठवड्याभरात गाडी चढावर कण्हायला लागली. शेवटी नाक मुठीत धरून त्याने साडूंना फोन लावला आणि त्या डब्याबद्दल विचारलं.



"तो होय? अहो, चुकीचा आणला मी. परत द्यायचा विसरू नये म्हणून दारात ठेवलाय."