पुन्हा मागवलेला फोटो

"हा आमचा नव्हे," फॅक्सचा कागद परत देत भानुदास शिंगटे म्हणाले आणि त्यांनी बायकोला, कलावतीबाईंना, उठायची खूण केली. पोलीस ठाण्यात सुरतेहून एका बेवारस मृतदेहाचा फोटो आला होता. त्यांचा मुलगा दिवाळीपासून बेपत्ता होता.

हवालदार तारळेकरबाईंनी कागद उजेडात धरला. "काका, थांबा. टेलिफोन लाइन खराब असली की काही ओळी पोचत नाहीत. मग हे मशीन वरचीच ओळ पुन्हा पुन्हा छापतं. नाकाखालचा चेहरा खरा नाही. मी फोटो परत मागवते."

"नको," भानुदास म्हणाले. "आम्ही नाही म्हटलं ना?"

कलावतीबाई बाकावरून उठल्या नव्हत्या. "मागवा," त्या म्हणाल्या. "आपला असला, तर तिथं एकटाच पडलाय."

तारळेकरबाईंनी सुरतेला फोन लावला. दुसरा कागद सावकाश बाहेर आला. या वेळी एकही ओळ चुकली नव्हती. हनुवटीवर लहानपणचा व्रण होता. भानुदासांनी त्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

मग त्यांनी विचारलं, "बाई, सुरतेची गाडी कुठून मिळते?"