जास्तीची किल्ली

“पासवर्ड चुकीचा आहे,” सूनबाईने तिसऱ्यांदा वाचून दाखवलं.

किल्लीवाल्याने नाक मुरडलं. सगळ्या जगाची कुलपं उघडणारा माणूस, आणि कुलूपवाल्यांच्या संघाची वेबसाइट त्यालाच दारात ताटकळत ठेवत होती. त्यात सभासदत्वाची मुदत आज संपत होती. वडिलांच्या वेळेपासूनचं सभासदत्व. ते हातचं गेलं तर या वयात पुन्हा नवशिक्यांच्या रांगेत उभं राहायचं.

“मग ‘पासवर्ड विसरलात?’ दाबते,” ती म्हणाली. “मोबाइलवर कोड येईल.”

तिने दाबलं. त्याच्या मोबाइलने हूं की चूं केलं नाही.

“बाबा, हा नंबर तुमचा नाहीच. शेवटचे दोन आकडे दिसतायत, सत्तेचाळीस. कोणाचा आहे?”

कोणाचा ते त्याला पाहताक्षणी कळलं होतं. दुकान दोघांचं होतं तेव्हा धाकट्या भावानेच हे खातं उघडून दिलं होतं; असली कामं त्यालाच जमायची. पुढे धाकट्याने पलीकडच्या चौकात स्वतःचं दुकान थाटलं आणि दोघांत अबोला पडला. आधी कोणी धरला, हे आता दोघांनाही धड सांगता आलं नसतं.

“काकांचा ना?” सूनबाई म्हणाली. “मी करू का फोन?”

“तू कशाला? बघू नंतर.”

“नंतर कधी? मुदत आज आहे.”

तेवढ्यात एक बाई किल्ली करून घ्यायला आली आणि त्याची सुटका झाली. इतक्या सावकाश त्याने उभ्या जन्मात किल्ली घासली नसेल. कानस थांबे, तो किल्ली उजेडात धरी, पुन्हा घासायला घेई. शेवटी घासायला काही उरलं नाही तेव्हा त्याने ती बाईच्या हातात दिली.

“ही जास्तीची घरात ठेवू नका,” त्याने नेहमीसारखं बजावलं. “दार लागलं की ती आतच राहते, मग काय उपयोग? आपल्या माणसाकडे ठेवा.”

बाई गेली. सूनबाईने फोन लावला आणि त्याच्या पुढ्यात धरला. घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पलीकडून कानशीचा आवाज येत होता. मग तो आवाज थांबला.

“दादा?”

त्याला एकदम भरून आलं, म्हणून तो खेकसला. “तुझ्याकडे कोड आलाय. तो सांग.”

“मघाशीच आलाय,” धाकटा म्हणाला. “म्हटलं, बघू या, फोन करतो का नाही.”

“मग, केला ना.”

“केलास.” पलीकडे कानस खाली ठेवल्याचा आवाज आला. “गुडघा कसा आहे?”

“कुरकुरतो. तुला कोणी सांगितलं?”

“कोण सांगणार? चौकातून जातोस तेव्हा दिसतं की.”

किल्लीवाला स्टुलावर बसला. मग वहिनीच्या तब्येतीचं निघालं, धाकट्याच्या मुलीच्या नोकरीचं निघालं, हल्ली लोक किल्ल्यांऐवजी बोटांनीच दारं उघडतात हेही निघालं. सूनबाई हातवारे करून सांगत होती, कोडची मुदत संपली. त्याने ‘संपू दे’ असा हात हलवला. तिने हसून नवा कोड मागवला. धाकट्याने एकेक आकडा सावकाश सांगितला आणि खातं उघडलं. सभासदत्व वाचलं.

“ये कधीतरी,” फोन ठेवताना किल्लीवाला म्हणाला.

सूनबाई अजून पडद्यासमोरच होती. “बाबा, आता लगेहात इथे तुमचा नंबर टाकून देते. पुन्हा अडायला नको.”

तो कानस फडक्याने पुसत होता.

“राहू दे त्याचाच,” तो म्हणाला. “मघाशी त्या बाईंना काय सांगितलं मी?”