बाबाचा बोजारा

तान्ह्या पोळ्याला मैना लाकडी बैल घेऊन दारोदार बोजारा, म्हणजे सणाचा खाऊ-पैसा, मागायला निघाली, सोबतीला बाप, सोमाजी. कुंताने नवऱ्याला दारातच बजावलं, "पोरगी संगं हाय. एक थेंब पेऊ नोका."

दर घरी पोरीच्या ओच्यात खाऊ पडायचा आणि सोमाजीपुढे मोहाची दारू यायची. "आज नाई, भाऊ," म्हणून तो तरातरा पुढे निघायचा. मागे वळून पाहायची त्याची छातीच होत नव्हती.

घरी आल्यावर मैनाने पाण्यासाठी नेलेला गडवा बापापुढे ठेवला. काठोकाठ मोहाची! "बाबा, तू तुहा बोजारा घरोघरी सोडून येत होता. मीच मांगून आनला."

सोमाजीने घाबरून बायकोकडे पाहिलं. कुंताने गडव्याचा वास घेतला आणि पळसाचे दोन द्रोण मांडले.

"पोरीसंगं पेऊ नोका म्हनलं होतं. माह्यासंगं कोन नाई म्हनलं?"