पहिली इस्त्री

वर्षभराने शाळा उघडली, तशी इस्त्रीवाली लेकीचा हात धरून हजर झाली. वर्गाच्या बाईंनी हजेरीपट पुढे सरकवला. लेकीच्या नावापुढे नुसत्या फुल्या.

"फोनवरच्या एकाही तासाला नव्हती हो ही. पुन्हा चौथीतच बसेल. या कागदावर सही करा."

"घरात तसला फोन नाही, हे पहिल्याच आठवड्यात सांगून गेले होते, बाई."

"सगळ्यांनी केलंच ना काहीतरी, ताई?"

"मीही केलं. रोज सकाळी पहिली इस्त्री हिच्या गणवेशावर फिरवली. एक दिवस नेम मोडला नाही. दहाच्या ठोक्याला ही शाळेच्या फाटकाच्या पायरीवर पुस्तक उघडून बसायची. वॉचमनकाकांना विचारा."

बाईंना हसू आलं. "अहो, पण शाळा बंद होती!"

"तेच म्हणतेय मी."

कागदावर छापलं होतं, 'सदर विद्यार्थिनी वर्षभर गैरहजर होती.' इस्त्रीवालीने बाईंचंच पेन मागून घेतलं, 'विद्यार्थिनी' शब्द शांतपणे खोडला, त्याच्यावर 'शाळा' लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.