तिकडे सुरू आहे

संध्याकाळी सात वाजता रंजनाने टीव्ही लावला. शहाजीच्या नावावरच्या मालिकेखालची, किती पाहून झाले ते दाखवणारी लाल रेघ पुढे सरकलेली होती.

तिचा भाऊ शहाजी पोंगलनंतर वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. फोन बंद. टीव्हीवर मालिका पाहायच्या घरच्या खात्यावर त्याचे नाव तेवढे राहिले, आणि त्या नावावर एक जपानी कार्टून मालिका, सहाव्या भागात अर्ध्यावर थांबलेली. बेटावरच्या शाळेत अडकलेली मुले. घंटा झाली की खेळ. हरणारा दिसेनासा होतो आणि बाकीचे त्याचे नावही विसरतात. कामावरून आल्यावर रंजना रोज ती रेघ पाहून टीव्ही बंद करी. आज सहावा भाग पुरा झालेला होता.

"अम्मा, धावत ये! शहाजी मालिका बघतोय!"

विशालाक्षी ओले हात पदराला पुसत आली. तिने पडदा पाहिला आणि खाली बसली.

"तो नव्हे गं. मीच पाहिले, दुपारी."

"तू? त्याच्या नावावर?"

"घर सोडून गेलेल्याचे अर्धे राहिलेले घरच्यांनी पुरे करावे. म्हणजे त्याचा पाय वळतो. तुझे आजोबा रुसून पापनाशमला जाऊन बसले, तेव्हा सासूबाईंनी त्यांचा सोंगट्यांचा डाव एकटीने पुरा केला. आले की परत."

"आजोबांना पापनाशमला जेवण मिळेना म्हणून आले! अम्मा, त्या रेघेवरूनच कळणार होते ना मला, तो कोठे तरी आहे म्हणून!"

विशालाक्षीने पडद्यावरच्या मालिकेकडे बोट केले. मग म्हणाली, "त्या चष्मेवाल्या पोराला सगळे विसरले. त्याची आईसुद्धा त्याचे ताट मांडीना. अय्यो, पावम, बिचारा."

"कार्टून बघून कोणी घरी येतो का?" रंजनाचे वडील वरुणराव दारातून म्हणाले. ऑफिसातून आत्ताच आले होते. चपला काढून ते आत जातील असे दोघींना वाटले. ते खुर्चीवर बसले.

"पुढचा लाव," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्ही बघणार?"

"लाव म्हटले ना."

रंजनाने सातवा भाग लावला. पडदा काळा झाला आणि त्यावर सूचना आली: या खात्यावर दुसऱ्या ठिकाणी कार्यक्रम सुरू आहे. खाली एकच बटण होते. तिकडचे बंद करून इथे पाहा.

तिघेही त्याच खोलीत होते.

"दाबू नको," विशालाक्षी म्हणाली.

"विनुताआत्याची मुलं असतील," रंजना म्हणाली. ओरत्तनाडूच्या आत्याकडेही या खात्याचा पासवर्ड होता. "ती रेघ अजून सहाव्यातच असती, तर शहाजी आहे का ते कळले असते ना... आत्याला फोन करून विचारते."

तिने फोन हातात घेतला.

"नको," वरुणराव म्हणाले. त्यांनी तिच्या दुसऱ्या हातातला रिमोट काढून घेतला आणि उलटा करून मांडीवर ठेवला. "जो कोणी आहे, त्याला पुरा बघू दे."

आठ वाजता तिघेही त्या सूचनेसमोर बसलेले होते. ओरत्तनाडूला तोवर कोणी फोन केला नव्हता.