पडल्यापडल्या

"नातवंड हातात येईपर्यंत या घरात सुनेचा पाय जमिनीला लागणार नाही!" बुरुलअपांनी खोलीच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. त्यांच्या सुनेनं, ऐझिरेकनं, ही घोषणा अर्थातच उभ्यानं ऐकली. सासू खोलीत आली की सुनेनं उठून कमरेत वाकून सलाम करायचा, ही नारिन भागातली रीत.

सकाळच्या सोनोग्राफीत पिशवीचं तोंड भलत्याच आधी उघडायला लागलेलं दिसलं होतं. डॉक्टरीणबाईंनी औषधं दिली आणि बजावलं, "उठबस बंद, वाकणं बंद. मूल आत्ता बाहेर आलं तर जगायचं नाही."

बातमी फुटली आणि वडीलधारी मंडळी काळजीनं विचारपूस करायला आली. थोरले सासरे आले, ऐझिरेक उठून वाकली. मामेसासरे आले, पुन्हा वाकली. आतेसासूबाई तर गहिवरल्याच. "एवढ्या दुखण्यातही रीत सोडली नाही हो पोरीनं!"

तेवढ्यात ऐझिरेकनं पोट धरलं. अपांनी सगळ्यांना अंगणात हाकललं आणि स्वतः उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून बसल्या.

"अगं, पण सलाम..." आतेसासूबाई कुरकुरल्या.

"सलाम हवाय ना? हा घ्या!" अपा उठून कमरेत वाकल्या. आतेसासूबाई आल्या पावली परत गेल्या.

संध्याकाळपर्यंत कळ थांबली. अपा मात्र आत गेल्या नाहीत. दाराबाहेरूनच त्यांनी हळूच विचारलं, "पोरी, चहाची पत्ती कुठे ठेवतेस गं? पडल्यापडल्या सांग."